कांद्याच्या गुदामातलं कॉलेज

साहेब, तुम्ही आत आलाच नव्हता. तुमची गाडी गुदामाच्या दारापर्यंत आली, काच खाली झाली, तुम्ही नाकाला रुमाल लावलात आणि काच पुन्हा वर गेली. चहासुद्धा तुम्ही गाडीतच प्यालात. तेवढ्यात तुमची तपासणी उरकली आणि एका कांद्याच्या गुदामाला करिअर कॉलेज म्हणवून घ्यायची परवानगी मिळाली. आत काय होतं ते तुम्हाला कसं ठाऊक असणार? मग आता ऐका.

आत कांद्याची फोलपटं होती. त्या वर्षी काढणीच्या तोंडावर पावसाने असा धुडगूस घातला की कांदा वाफ्यातच सडला. गुदामात यायला माल नाही, म्हणून निवडायला बायका नकोत. हंगामभर मांडी घालून, पात छाटून, कांदा मुठीत दाबून बरावाईट वेगळा करणाऱ्या बायका घरी बसल्या. विहीरवाल्याची सून त्यातलीच. तिच्या बोटांना कांदा आतून कुठे मऊ पडलाय ते डोळे मिटून कळायचं. पण कांदाच नाही तर बोटांचं करायचं काय?

रिकामं गुदाम मालकाला बघवेना. त्याचा एक जावई होता, शहरात बरेच धंदे करून परतलेला. भर उन्हाळ्यातही त्याच्या गळ्यात टाय असायचा, म्हणून गाव त्याला टायवालाच म्हणायचं. त्याने गुदाम झाडून घेतलं, भिंतींना हिरवा रंग फासला आणि दारावर फळी ठोकली : रुग्णसेवा करिअर कॉलेज. वर्षाच्या आत नोकरी, हमखास.

"हमखास म्हणजे?" सुनेने नवऱ्याला विचारलं. नवरा दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचा. अंगाने आडवा, बोलायला थोडका.

"म्हणजे खात्रीने."

"खात्री कोणाची?"

"टायची," आतल्या खाटेवरून आवाज आला. "गळा आवळून घेतलाय बघ त्याने आधीच. फसवलं तर आपल्याला ओढायला सोपं."

हा सासरा. सगळी हयात विहिरी बांधण्यात गेलेला. एका विहिरीत दोर तुटला आणि तो पाठीवर आपटला, तेव्हापासून खाटेवर. डॉक्टर म्हणाले होते हाड जुळलं, आता हळूहळू उठवा. पण उठवायला जावं की म्हातारा असा ओरडायचा की शेजारची म्हैस दूध चोरायची. मग कोणी उठवेना. पाय काटकीसारखे झाले, कमरेखाली जखम झाली, आणि तोंड मात्र दिवसेंदिवस तगडं होत गेलं.

फीसाठी नवऱ्याने फटफटी विकली.

"आता शेतावर जाणार कसे तुम्ही?" सून म्हणाली.

"पाय आहेत की. चालतात अजून."

"ऐकू येतंय मला," खाटेवरून आवाज. "पाय गेलेत माझे. कान शाबूत आहेत."

कॉलेज सुरू झालं. बाकांवर सगळ्या त्याच कांदा निवडणाऱ्या, जिथे पोत्यावर बसायच्या तिथेच आता बाकावर. शिंपीण होती, जिची जीभ तिच्या नवऱ्याच्या मशिनपेक्षा जोरात चालायची. पोस्टमनची लेक होती, शिकलेली, लाजरी. शिकवायला शहरातून एक नर्सबाई आल्या, सगळ्या त्यांना सिस्टर म्हणू लागल्या. सिस्टर वर्गात शिरल्या, कोणीतरी पंखा लावला, आणि कोनाकोपऱ्यातली फोलपटं उडून त्यांच्या डोळ्यांत गेली. डोळ्यांतून धार लागली.

"मी रडत नाहीये," सिस्टर म्हणाल्या.

"रडा हो, सिस्टर," शिंपीण म्हणाली. "पहिल्या दिवशी सगळेच रडतात. आम्ही सासरी आलो तेव्हा काय हसत होतो?"

सिस्टर रडता रडता हसल्या. तिथून त्यांचं आणि वर्गाचं जमलं ते जमलंच.

टायवाल्याने फीच्या पावतीबरोबर आधुनिक प्रयोगशाळेचं वचन दिलं होतं. ती प्रयोगशाळा एके दिवशी टेम्पोतून आडवी आली. कापडाच्या बंद पडलेल्या दुकानातली काचेमागे उभी करतात ती बाहुली, माणसाएवढी, ओठ लालभडक, एक हात कमरेवर आणि चेहऱ्यावर कायमचं हसू.

"हा रुग्ण?" सिस्टरनी विचारलं.

"सध्या हाच समजा," टायवाला म्हणाला. "खरा परदेशातून निघालाय."

"चालत निघालाय वाटतं," शिंपीण पुटपुटली.

बायकांनी बाहुलीचं नाव वहिनी ठेवलं. रोज वहिनीला आंघोळ, वहिनीची चादर बदल, वहिनीला कुशीवर कर. वहिनीचा ना गुडघा वाकत होता ना मान. हात धरून ओढलं तर हात खांद्यातून निखळून येई आणि वर्ग हसून लोळे. मग त्यांनी आपली एक तऱ्हा बसवली : एकीने डोकं धरायचं, दुसरीने कंबर, तिसरीने पाय, आणि 'चला बाई' म्हटलं की तिघींनी एकदम, ओंडका फिरवावा तशी अख्खी वहिनी फिरवायची. काही निखळत नसे. सुनेच्या हाताला ती तऱ्हा इतकी बसली की वहिनीखेरीज दुसऱ्या कोणाला कसं फिरवायचं याचा तिने विचारच केला नाही.

एका दुपारी शिंपीण आणि पोस्टमनची लेक तिच्या घरी ताक प्यायला आल्या होत्या. आतून म्हातारा कण्हला. चादर ओली झाली होती. एरवी नवरा घरी असला की तो बापाला बगलेत हात घालून वर ओढायचा आणि सून खालची चादर खेचायची. पण नवरा शेतावर होता.

"आपणच बदलू," सून म्हणाली.

"हात लावाल तर बघा," म्हातारा गरजला. "तीन बाया मिळून मारणार का मला?"

तोवर शिंपीण डोक्याशी पोचली होती, लेक पायांशी, आणि सुनेचे तळवे त्याच्या कमरेखाली सरकले होते. "चला बाई," सून सवयीने म्हणाली. आणि तिघींनी म्हाताऱ्याला वहिनीसारखा फिरवला. मान, कंबर, पाय, सगळं एकदम, एका रेषेत.

म्हाताऱ्याने ओरडायला तोंड उघडलं होतं. ते तसंच उघडं राहिलं.

सून घाबरून त्याच्यावर वाकली. "मामंजी? लागलं का हो? चूक झाली. त्या बाहुलीची सवय आहे, जितं माणूस आहे हे विसरलेच मी."

भिंतीकडे तोंड करून म्हातारा बराच वेळ गप्प पडला. तो गप्प पडलाय हेच घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदा घडत होतं.

"परत कर," तो म्हणाला.

"अं?"

"कान मला आहेत, तुला नाहीत काय? परत फिरव. त्या अंगावर. दुखलं नाही."

त्यांनी फिरवलं. नाही दुखलं. पुन्हा फिरवलं. शिंपीण म्हणाली, "काका, पुरे आता, हात भरून आले," तर म्हातारा म्हणाला, "ताक फुकट प्यायलीस काय?" आणि हसला. आवाज करून हसला. सून चादरीचं बोचकं उचलून परसात गेली आणि दगडावर ते दणादण आपटून धुतलं, कारण डोळे भरून आले होते आणि या वेळी कांद्याचं निमित्तही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर स्वतः घरी आल्या. त्यांनी तिघींकडून तसंच करून घेतलं, म्हाताऱ्याच्या मणक्यावरून बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "अगदी बरोबर. पाठ मोडलेल्याला असंच फिरवतात, मी पुढच्या महिन्यात शिकवणार होते. बगलेत धरून ओढलं की मणका मुरगळतो. म्हणून ओरडायचे ते."

"म्हणजे इतकी वर्षं माझा पोरगाच मला मोडत होता?" म्हातारा म्हणाला.

"मायेने, बाबा," नवरा दारातून म्हणाला. खाली मान घालून.

"मायेनेच रे. माहितीय मला. इकडे ये. डोक्याशी तू राहा, या शिंपिणीचे हात सुयांनी टोचतात."

त्या दिवसापासून वहिनी गुदामाच्या कोपऱ्यात हसत उभी राहिली आणि वर्ग म्हाताऱ्याच्या खाटेभोवती भरू लागला. गावाला ते इतकं आवडलं की ज्याचं त्याचं अंग पुढे यायला लागलं. न्हावी पट्ट्या बांधून घ्यायला बसला. कुंभारीण रक्तदाब मोजून घ्यायला यायची आणि मोजून झालं की शेजारणीचा किती भरला ते विचारायची. तिचा जास्त भरला तर हिला राग. सकाळी वर्गात पहिला प्रश्न हजेरीचा नसायचा. "आज कोण आजारी?" असा असायचा, आणि आजारी पडायला ओट्यावर रांग लागायची. धडधाकट माणसं डोक्यापासून पायापर्यंत पट्ट्या बांधून बाजारात हिंडायची, दुकानदार घाबरून विचारायचा काय झालं, आणि ती छाती फुगवून म्हणायची, "शिक्षण."

आणि म्हातारा? आधी जखम भरली. सुनेची कांदा ओळखणारी बोटं रोज त्याच्या पाठीवरून फिरत, कातडी कुठे मऊ पडतेय ते दिसायच्या आधी त्यांना कळे, आणि तेवढा भाग ती मोकळा ठेवी. मग त्याला उशी लावून बसता आलं. बसल्यावर त्याने पहिल्यांदा काय बघितलं असेल तर छप्पर. "कौलं कोणी शाकारली ही? आंधळ्याने?" नवरा दुसऱ्याच दिवशी कौलांवर चढला, आणि खालून म्हातारा, "डावीकडे. अरे डावीकडे. माझ्या डावीकडे!" गल्ली हसून लोटपोट. मग खाटेवरून पाय खाली. मग दोघींच्या खांद्यांवर हात ठेवून उभं राहणं, पाय थरथर, घाम, शिव्या. सासऱ्याने सुनेच्या गळ्यात हात टाकून उभं राहायचं, पहिल्या दिवशी दोघांनाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारा मान फिरवून म्हणाला, "तुझी सासू असती तर तिने धरलं असतं. तू तीच आहेस असं समजतो."

"समजा की," सून म्हणाली. "पण त्यांच्यावर ओरडायचात तसं ओरडू नका."

इकडे कॉलेज फुगत होतं. आसपासच्या गावांत बोलबाला झाला की तिथे खाटेवरची माणसं उठतात. दुसरी तुकडी भरली, तिसरी भरली. दारावरची फळी जाऊन दिव्यांची पाटी आली. टायवाल्याने गाडी घेतली. म्हाताऱ्याचा बसलेला फोटो त्याने न विचारता पाटीवर लावला, खाली लिहिलं, आमच्या अद्ययावत रुग्णालयात. म्हाताऱ्याने फोटो पाहिला. "रुग्णालय म्हणजे माझी पडवी. मग भाडं दे म्हणावं." टायवाला दात दाखवून हसला. सिस्टरना पगार देताना मात्र त्याचे दात कधी दिसले नाहीत.

तोवर कॉलेज बिनपरवानाच चाललं होतं. तेव्हाच तुमची गाडी आली होती साहेब, तुम्हाला आठवत असेल तर.

आणि एका सकाळी गुदामाला कुलूप. दिव्यांची पाटी नाही, टायवाला नाही, गाडी नाही. दारात फक्त वहिनी, हात कमरेवर ठेवून. मालक म्हणाला, "जावई माझा, पण कॉलेज त्याचं. मला विचारू नका. यंदा कांदा बरा आहे, निवडायला या." बाहेरगावच्या पोरी रडल्या. शिंपिणीने त्या कुलपाला अशा शिव्या घातल्या की कुलूप उघडलं नाही याचंच सगळ्यांना नवल वाटलं.

सून पायरीवर बसून राहिली. फटफटी गेली होती. नवरा पहाटे उठून पायी शेतावर जात होता, टाचांना भेगा पडल्या होत्या, आणि एका शब्दाने बोलत नव्हता. परीक्षा तोंडावर आली असताना परीक्षेला बसवणाराच पळाला होता. तिला वाटलं, आता जन्मभर लोक विचारणार, काय गं, झालीस का नर्स?

सिस्टर ट्रंक घेऊन एस.टी.ची वाट बघत उभ्या होत्या. घरी पाठवायलाही हातात काही नव्हतं. तेवढ्यात गल्लीच्या वळणावर कुबड्यांचा आवाज आला. नवऱ्याने बाभळीच्या दोन फाट्यांपासून केलेल्या कुबड्या, वर चिंध्या गुंडाळलेल्या. म्हातारा घरातून एकटा निघाला होता. लोक हातातली कामं टाकून दारात आले. कोणी पुढे होऊन धरायला गेलं की तो डोळे वटारायचा. ट्रंकेपाशी पोचला आणि ट्रंकेवरच बसला.

"कुठे चाललात?" धापा टाकत म्हणाला.

"कॉलेज बंद झालं, काका."

"झालं असेल. माझा डावा पाय अजून ओढतो. तो सोडून कुठे चाललात?"

"मला इथे ठेवणार कोण?"

"मी ठेवते की," शिंपीण पुढे झाली. "माझ्याकडे खोली आहे. मशिनचा आवाज चालत असेल तर."

"जेवण माझ्याकडे," कुंभारीण म्हणाली. "पण रक्तदाब रोज मोजायचा."

सिस्टर त्या ट्रंकेकडे बघत राहिल्या. ट्रंक उचलायला म्हातारा उठायला हवा होता, आणि तो उठणार नव्हता. एस.टी. आली, कंडक्टरने घंटी वाजवली, कोणी चढलं नाही, एस.टी. गेली. आणि एवढ्या मोठ्या फसवणुकीच्या सकाळी त्या रस्त्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग काय? दिवसा गुदामात कांदा, ऊन उतरलं की म्हाताऱ्याच्या पडवीत वर्ग. बाहेरगावच्या पोरी सायकलींवर यायला लागल्या. कांदा निवडताना एकीने विचारायचं आणि दुसरीने उत्तर द्यायचं : ताप किती झाला की काय करायचं, जखम कशाने धुवायची. मुकादम वैतागून म्हणायचा, "निवडा गं, तो कांदा आहे, पेशंट नाही." राहिलेला अभ्यास पुरा झाला, वर थोडा जास्तच झाला.

म्हाताऱ्याला तपासायला नवऱ्याने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं, सून बरोबर. डॉक्टरांनी त्याला चालवून पाहिलं, पाठ पाहिली, आणि मेट्रनला हाक मारून दाखवली. "इतकी वर्षं खाटेवर आणि कातडी बघा. कोणी सांभाळलं?"

"हिने," म्हातारा म्हणाला. "नुसती सून नका समजू. शिकून केलंय."

मेट्रन सुनेला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मला अशा बायका पाहिजेत. पुढच्या भरतीला ये. तुझ्याबरोबर शिकलेल्या असतील त्यांनाही आण. फक्त परीक्षेचं प्रमाणपत्र लागेल, त्यावाचून माझे हात बांधलेले आहेत."

येताना ट्रॉलीत सून उभीच राहिली, वाऱ्याला तोंड करून, पदर उडू देत. नवऱ्याने मागे वळून पाहिलं आणि पहिल्यांदा त्याने रस्ता सोडून तिच्याकडे इतका वेळ पाहिलं की ट्रॅक्टर वळणावर जवळजवळ शेतात गेला.

पुढचं तुमच्याच दारात घडलं, साहेब, तरी सांगायला हवं, कारण तुम्ही ते वेगळं सांगता. बायका तुमच्याकडे अर्ज घेऊन आल्या. तुम्ही म्हणालात, संस्था बंद झाली. संस्था नाही म्हणजे विद्यार्थी नाहीत. विद्यार्थी नाहीत म्हणजे परीक्षा नाही. सुनेने विचारलं, "मग आम्ही कोण?" तुम्ही शिपायाला म्हणालात, पुढचे पाठव.

म्हणून त्या पुन्हा आल्या. या वेळी ट्रॅक्टर-ट्रॉली भरून. न्हावी, कुंभारीण, सायकलवाल्या पोरी, सिस्टर, आणि म्हातारा, दाढी करून, धुतलेल्या सदऱ्यात. जिना तो स्वतः चढला. शिपाई म्हणाला, "आजोबा, पेशंटला आणायची गरज नव्हती." म्हातारा म्हणाला, "मी पेशंट नाही. मी पेपर आहे."

आणि तुमच्या खोलीसमोरच्या बाकावर तो आडवा झाला.

व्हरांड्यात ही गर्दी. दुसऱ्या खोल्यांतले कारकूनही चष्मे कपाळावर चढवून आले. सिस्टरनी मोठ्याने एकेक प्रश्न विचारला, बायकांनी एकेक करून दाखवलं. पोस्टमनच्या लेकीने नाडी मोजली आणि आकडा असा खणखणीत सांगितला की बिचारी स्वतःच दचकली. शिंपिणीने पट्टी बांधली, एकही सुरकुती नाही, आणि भोवतालच्यांना म्हणाली, "बघून घ्या, पुन्हा दाखवणार नाही." एका कारकुनाने हळूच आपला दुखरा अंगठा पुढे केला. तोही बांधून मिळाला. लोक हसत होते, टाळ्या देत होते, तुमच्या कचेरीत बहुधा पहिल्यांदाच.

शेवटी सून पुढे झाली. म्हाताऱ्याला उठवून उभं करायचं. तिने त्याचे पाय खाली घेतले, स्वतःचा गुडघा त्याच्या गुडघ्याशी लावला, तळवा पाठीवर ठेवला. "मामंजी, माझ्याबरोबर," ती म्हणाली. म्हातारा उभा राहिला. तिने हात सोडले. तो तसाच उभा राहिला, कुबडीवाचून, थरथरत, हसत.

गलका ऐकून तुम्ही दार उघडलंत. काय चाललंय हे, असं विचारलंत.

"परीक्षा," म्हातारा म्हणाला. "तुम्ही घेत नाही, म्हणून आम्ही आणून दिली. सगळं तुमच्या दारात झालं, या वेळी आत यायचीही तसदी नको. फार वेळ उभं राहवत नाही मला, तेव्हा लवकर सांगा. माझी सून पास, का नापास?"